‘मैदानावर पाठवा, आपोआप ताळ्यावर येईल’

किशोरवयीन मुलांच्या उदासीवर ‘खेळायला पाठवा, नीट खायला घाला’ हा रामबाण उपाय वर्षानुवर्षं सांगितला जातो. तो अर्धाच खरा. व्यायामाने सौम्य उदासी कमी होते, झोप सुधारते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सुचवते, ती उगाच नाही. पण नैराश्यात बूट चढवण्याचंही त्राण उरत नाही, भूक मरते किंवा भलतीच वाढते. म्हणजे न खेळणं, न जेवणं हे बऱ्याचदा कारण नसून लक्षण असतं. अशा मुलाला आळशी ठरवणं तर घातकच! आहाराबाबतचा पुरावा अजून तोकडा आहे. पालकांनी उपदेश आवरून ऐकून घ्यावं. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टर गाठावा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी.