२५४ पौंडांत बसवलेले विमान

अमेरिकेतल्या ‘पार्ट १०३’ नियमाखाली अल्ट्रालाइट, म्हणजे अतिहलके विमान, उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही, वैद्यकीय तपासणी लागत नाही, विमानाची नोंदणीही लागत नाही. त्याबदल्यात विमान एकआसनी हवे आणि उड्डाण फक्त हौसेसाठी, दिवसाउजेडी, दाट वस्ती टाळून. रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा (सुमारे ११५ किलो) कमी, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन (१९ लिटर), सपाट उड्डाणातला कमाल वेग ५५ नॉट (ताशी सुमारे १०२ किमी) आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखाची उचल तुटते तो वेग, २४ नॉटपर्यंत. विमानाचा सांगाडा, कापड आणि इंजिन याच आकड्यांवरून ठरत जाते.

या विमानांचे मूळ हँग ग्लायडरमध्ये, म्हणजे खाली लटकून उडायच्या बिनइंजिनाच्या पंखात, आहे. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो यांच्या लवचिक पंखाला १९५१ मध्ये पेटंट मिळाले आणि १९७० च्या दशकात हँग ग्लायडिंग फोफावले. १९७५ मध्ये जॉन मूडी यांनी इकॅरस-२ या दुहेरी पंखांच्या हँग ग्लायडरला गो-कार्टचे मॅक्युलॉक इंजिन जोडले आणि विस्कॉन्सिनमधल्या एका गोठलेल्या तळ्यावरून, स्वतःच्या पायांनी धावत, उड्डाण केले. पायांनी धावत उडणाऱ्या यंत्राकडे विमान वाहतूक प्रशासन तोवर विमान म्हणून पाहत नव्हते. मग चाके आली, आसन आले, इंजिने वाढली आणि ती सवलत ताणली जाऊ लागली. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी पार्ट १०३ लागू झाला. बिनइंजिनाच्या यंत्रांना त्यात १५५ पौंडांची वेगळी मर्यादा आहे.

लोक वजनाच्या आकड्याबद्दल बोलतात; पण आराखडा खरा बांधून टाकतो तो २४ नॉटचा आकडा. हिशेब सोपा आहे. रिकामे वजन ११५ किलो, वैमानिक ८० किलो, इंधन साधारण १४ किलो, म्हणजे एकूण सुमारे २१० किलो. २४ नॉट म्हणजे सेकंदाला १२.३ मीटर. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) नसलेल्या साध्या पंखाचा कमाल उचल गुणांक, म्हणजे पंख किती उचल देऊ शकतो याचे माप, १.४ धरला, तर समुद्रसपाटीला दर चौरस मीटरमागे जेमतेम १३ किलो उचलले जातात. म्हणजे जवळपास १६ चौरस मीटरचा पंख हवा. चांगले फ्लॅप लावून गुणांक २ पर्यंत नेला, तर ११ चौरस मीटर पुरतात. पण फ्लॅप, बिजागऱ्या आणि त्यांच्या दांड्यांचे वजन त्याच ११५ किलोंतून जाते. म्हणून बहुतेक जण मोठा पंख, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, तारांचे ताण आणि शिवलेले डेक्रॉनचे (पॉलिस्टरचे) कापड याच वाटेने गेले. क्विकसिल्व्हर हे विमान त्याचे ठळक उदाहरण. तेही मुळात हँग ग्लायडरच होते.

या स्वस्ताईचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. रंग न दिलेले डेक्रॉन उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होते, म्हणून त्याची ताकद ठरावीक काळाने तपासायची आणि विमान झाकून ठेवायचे. रंगाचे थर दिले तर कापड टिकते, पण वजन वाढते. तारा आणि उघड्यावर बसलेला वैमानिक यांमुळे हवेचा रोध प्रचंड, आणि वस्तुमान कमी. त्यामुळे चढताना इंजिन बंद पडले की वेग दोन-तीन सेकंदांत उतरतो. नाक लगेच खाली घेतले नाही तर स्टॉल ठरलेलाच. जड विमानावर शिकलेल्या वैमानिकांना नेमका इथेच धोका होतो.

टू-स्ट्रोक इंजिन आले तेही वजनामुळेच: रोटॅक्स ४४७ सुमारे ४० अश्वशक्ती देते. अशी इंजिने तासाला साधारण १०-१२ लिटर पितात, म्हणजे १९ लिटरच्या टाकीत दीड ते दोन तासांच्या दरम्यान. थंड इंजिनावर एकदम ताकद मागितली किंवा मिश्रणात इंधन कमी पडले तर पिस्टन जखडतो.

आकड्यांत फटीही आहेत. १९८४ च्या मार्गदर्शक परिपत्रकाने पॅराशूटसाठी २४ पौंड आणि मुख्य फ्लोटच्या (पाण्यावर उतरायच्या तरंगत्या तळांच्या) जोडीसाठी ६० पौंड वगळायला मुभा दिली. बॅटरी मात्र रिकाम्या वजनात धरली जाते, इंधन धरले जात नाही. विद्युत अल्ट्रालाइट बांधणाऱ्यांची सगळी ओढाताण या एका फरकातून येते. इलेक्ट्रिक स्टार्टर, ब्रेक, काच असे एकेक जोडत गेले की विमान हळूच मर्यादा ओलांडते आणि कायद्याने नोंदणी नसलेले, म्हणजे बेकायदा विमान ठरते. दोन आसनांच्या शिकवणी विमानांना मिळालेली सवलतही ३१ जानेवारी २००८ रोजी संपली. त्यानंतर शिकवायचे तर नोंदणीकृत विमानात.

युरोपने वेगळा दोर बांधला. तिथे दोन आसने चालतात. जुनी मर्यादा एकूण ४५० किलो, पॅराशूटसह ४७२.५ किलो, आणि स्टॉल ३५ नॉट. कमाल वेगावर बंधन नसल्याने कार्बन फायबरची गुळगुळीत, वेगवान विमाने आली. पण रिकामे विमान ३०० किलो भरले आणि ८० किलोंची दोन माणसे बसली, की इंधनाला उरतात १२ किलो, म्हणजे अंदाजे १७ लिटर. मर्यादेबाहेरच्या वजनाने उडणे त्यामुळे उघड गुपित होते. २०१८ च्या युरोपीय नियमाने सदस्य देशांना ६०० किलो आणि ४५ नॉट स्टॉलपर्यंत जायची मुभा दिली. विमाने तीच राहिली, पण त्यांचे प्रत्यक्षातले वजन कागदावर दाखवण्याची सोय झाली.