मतपत्रिका म्हणजे कागदच का?

कराड तालुक्यातल्या कोळेवाडीच्या ग्रामसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठराव केला, की यापुढचं मतदान मतपत्रिकेवरच घ्यावं. त्याच्या थोडं आधी माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी आपणहून कागदावर विधानसभेचं फेरमतदान घ्यायची तयारी केली होती. जमावबंदीचा आदेश निघाला आणि मत पडण्याआधीच बेत मोडला. दोन्हीकडची चर्चा ‘मतदान यंत्रावर भरवसा आहे का’ इथेच फिरत राहिली. पण कागद की यंत्र हे ठरवायचं कुणी? हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलाय आणि तेव्हा निकाल यंत्राच्या विरोधात लागला होता.

मे १९८२. केरळातला परवूर विधानसभा मतदारसंघ. ८४ पैकी ५० केंद्रांवर प्रथमच यंत्रं ठेवली, बाकी ठिकाणी कागद. यातला एक उमेदवार मतदानाआधीच यंत्राविरुद्ध उच्च न्यायालयात गेला होता. तिथे दाद लागली नाही, आणि निवडणुकीत तोच १२३ मतांनी निवडून आला. मग हरलेला उमेदवार त्याच यंत्राविरुद्ध कोर्टाची पायरी चढला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही रीत यंत्राइतकीच जुनी म्हणायची.

वाद यंत्र बिघडलं का, यावर नव्हता. तो एका शब्दावर होता. कायद्यात मतदान ‘बॅलट’ने, विहित पद्धतीने घ्यावं असं लिहिलेलं. ‘बॅलट’ हा शब्द मुळात छोट्या गोटीवरून आला. त्यात कागद कुठेच नाही. शिवाय राज्यघटनेच्या ३२४व्या अनुच्छेदाने निवडणुकांची देखरेख निवडणूक आयोगाकडे दिलेली, तेव्हा पद्धत बदलायचा अधिकारही आपलाच, ही आयोगाची भूमिका. न्यायालयाने ती मानली नाही. नियमांमध्ये शिक्का आहे, घडी आहे, पेटी आहे. हे सगळं कागदाचंच वर्णन. कायदा गप्प असेल तिथे आयोगाने जागा भरावी, कायदा बोलत असेल तिथे त्याला बाजूला सारता येणार नाही. मार्च १९८४ मध्ये निकाल आला, त्या ५० केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झालं आणि आमदार बदलला. दरम्यान आणखी दहा मतदारसंघांत वापरलेली यंत्रं गोदामात गेली.

मराठीत हा खटला उभाच राहिला नसता, कारण मतपत्रिकेत ‘पत्रिका’ आधीच बसलेली. तरी घोळ आहेच. आज यंत्राच्या बॅलट युनिटवर, म्हणजे बटणांच्या भागावर, नावं-चिन्हांचा जो कागद लावतात, त्यालाही मतपत्रिकाच म्हणतात. म्हणून ‘मतपत्रिकेवर मतदान घ्या’ एवढाच ठराव झाला, तर ते आताही होतंयच, असं उत्तर एखादा खवचट कारकून देऊ शकेल.

डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातलं, मार्च १९८९ पासून ते लागू झालं. कुठल्या मतदारसंघात यंत्र वापरायचं हे आयोगाने ठरवावं, असं त्यात आहे. ग्रामसभा, उमेदवार, राज्य सरकार, कुणालाही त्यात जागा नाही. पुढचं ठाऊकच आहे: १९९८ मध्ये तीन राज्यांतल्या १६ जागा, २००४ मध्ये सगळी लोकसभा, २०१३ पासून व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र.

आपल्याकडे मात्र कागद कधी गेलाच नाही. वाळवा-कराड पट्ट्यात सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत मतमोजणीला बसलेल्या माणसाला तो चांगला ठाऊक आहे. ऊस उत्पादकांचा गट, महिला राखीव, इतर मागास, भटके-विमुक्त. प्रत्येकाची पत्रिका वेगळ्या रंगाची. आधी रंग निवडायचे, मग गठ्ठे बांधायचे, मग ‘पॅनेल टू पॅनेल’, म्हणजे सगळी एकाच पॅनेलला दिलेली, मतं बाजूला काढून दोन्हीकडे विभागलेल्या क्रॉस मतांवर भांडायचं. ओल्या शिक्क्याची घडी चुकली की ठसा समोरच्या चिन्हावरही उमटतो. मग दोन्हीकडचे प्रतिनिधी ट्यूबलाइटखाली पत्रिका धरून शिक्क्यातल्या बाणांची दिशा बघतात: फुलीतले बाण उलटे फिरलेले दिसले तर तो घडीचा डाग, आणि मत शाबूत. रात्री दोन वाजता डोळे तारवटलेल्या माणसाला ही दिशा दिसतेच असं नाही. बाद मतांचा आकडा विजयाच्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर पुढे काय होतं ते सांगायला नको. कागद हवा म्हणणाऱ्यांनी एकदा अशी रात्र काढावी.

तरी कागदाची एक बाजू या वादात कुणी काढतच नाही. विधानसभा-लोकसभेला कागद होता तेव्हा आयोगाच्या आदेशाने वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मग मोजता येत. कुठल्या गावाने कुणाला दिलं हे त्यात झाकून जाई. यंत्र केंद्रागणिक आकडा देतं. निकालाच्या संध्याकाळी बूथवार यादी मोबाईलवर फिरते आणि कुठल्या वाडीने दगा दिला हे चहाच्या टपरीवर ठरतं. वाडीचा रस्ता मग मागे पडतो. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर वापरावं, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला, २०१५ मध्ये विधी आयोगानेही तेच सुचवलं. पुढे काही झालं नाही. माझ्या मते गावाला यंत्राचा खरा त्रास हा आहे, पण त्यासाठी कुणी ठराव करत नाही.

एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदाची मागणी फेटाळली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी मागता येईल असं सांगितलं. तेव्हा यंत्रामागे ४७,२०० रुपये भरावे लागत. २०२४ च्या विधानसभेनंतर राज्यातल्या अनेक पराभूतांनी भरले. वर्तमानपत्रांनी कुठे ‘पडताळणी’ लिहिलं, कुठे ‘फेरमोजणी’, आणि लोकांना वाटलं मतं पुन्हा मोजणार. प्रत्यक्षात आयोगाच्या पद्धतीत यंत्रातली जुनी मतं पुसून चाचणी मतदान घ्यायचं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने विचारलं, मतं पुसायची गरजच काय?

आणि डिसेंबर २०२५ च्या नगरपालिका निवडणुकांत तर यंत्राशेजारी व्हीव्हीपॅटही नव्हतं. ती निवडणूक राज्याचा आयोग घेतो, केंद्राचा नव्हे. कोळेवाडीसारखा ठराव शहरातल्या एखाद्या प्रभागाला करावासा वाटला, तर त्यावरचा पत्ताही वेगळा घालावा लागेल.