पिकअपच्या सायलेन्सरमधले पेव

गेल्या महिन्यात माझ्या परिचयाच्या एका सांगलीकर फळव्यापाऱ्याची 2018 सालची पेट्रोल पिकअप रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून येताना आंबा घाटात दुसऱ्या गिअरवरही ओढेना. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा त्याआधीच पंधरा दिवस पेटलेला होता. मिस्त्रींनी स्कॅनर लावला, पी-0420 हा कोड वाचला आणि निकाल दिला, "शेठ, जाळी गेली. फोडून मोकळी करू, गाडी पळेल." या एका वाक्यात दोन वेगवेगळे आजार एकत्र बांधले गेले होते, आणि ते सोडवण्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

मिस्त्री ज्याला जाळी म्हणतात तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे पोलादी डब्यात बसवलेला चिनी मातीसारखा ठोकळा होय. त्यात चौरस इंचाला साधारण 400 उभी छिद्रे असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा सूक्ष्म लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांना ऑक्सिजन देऊन निरुपद्रवी करणे हे त्याचे एक काम, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन काढून घेणे हे दुसरे. एकाच डब्यात देणे आणि घेणे ही दोन्ही कामे व्हायची, तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण 14.7 ला 1 याच्या अगदी जवळ राहावे लागते. प्रत्यक्षात मात्र इंजिनाचा संगणक मिश्रण क्षणात थोडे जाड (पेट्रोल जास्त), क्षणात थोडे पातळ (हवा जास्त) करत राहतो.

हे हेलकावे पचवतो तो लेपातला सिरियम ऑक्साइड, आणि माझ्या मते सगळ्या डब्यातली खरी गंमत हीच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच उमगेल. आवक वाढली की माल पेवात जातो, मागणी आली की बाहेर निघतो. तसेच धुरात ऑक्सिजन जास्त झाला की सिरियम तो आपल्या स्फटिकात सामावून घेतो आणि कमी पडला की परत देतो. हे करताना त्याच्या अणूचा विद्युत्भार चार आणि तीन यांच्यात आलटून पालटून बदलतो. कन्व्हर्टर वारंवार फार तापला की लेपाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि पेव निकामी होते.

पी-0420 नेमके हेच सांगतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. सेन्सरमधल्या झिर्कोनिया या सिरॅमिकच्या भिंतीच्या एका अंगाला बाहेरची हवा आणि दुसऱ्या अंगाला धूर असतो, आणि दोहोंमधील ऑक्सिजनच्या दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमप्रमाणे व्होल्टेज निर्माण होते. निरोगी गाडीत स्कॅनरवर पुढच्या सेन्सरची रेषा 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान नाचते आणि मागची 0.6 ते 0.7 च्या आसपास संथ राहते. मागचीही पुढचीसारखीच नाचू लागली, की साठवण संपली असे समजावे. अर्थात एक्झॉस्टच्या जोडावर गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन अशीच फसवी रेषा दिसते, म्हणून गळती आधी तपासावी.

गाडी न ओढणे हा मात्र तुंबण्याचा आजार आहे, आणि तो या कोडवरून कळत नाही. पुढचा सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावावा. इंजिनाच्या मिनिटाला 2500 फेऱ्यांवर दाब तीन पीएसआयच्या वर गेला तर ठोकळा तुंबला आहे. आमच्या पिकअपमध्ये काटा सहावर गेला. डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकले, तेव्हा आत तुकडे खडखडले. मूळ कारण तिसऱ्या सिलिंडरची, ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल होती. मिसिंगमुळे, म्हणजे ठिणगी चुकल्यामुळे, न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होते आणि त्या उष्णतेने ठोकळा वितळला होता. कॉइल न बदलता नवा कन्व्हर्टर बसवला असता, तर तोही काही दिवसांत असाच गेला असता.

बंपरला लटकवलेले लिंबू-मिरची निदान पाच-दहा रुपयांत भागते. इंधनाच्या नळीला बांधायचे चुंबक आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांना बरेच जास्त पैसे पडतात, पण वितळलेली भिंत त्यांनी पुन्हा उभी राहत नाही. जाळी फोडली तर गाडी ओढेल हे खरे, परंतु दिवा विझणार नाही आणि भारत स्टेज 4 या प्रदूषण-मानकाच्या गाडीच्या पीयूसीला आयडलिंगवर लागणारी कार्बन मोनॉक्साइडची 0.3 टक्क्यांची मर्यादाही पाळता येणार नाही.

शेठनी शेवटी कॉइल आणि कन्व्हर्टर दोन्ही बदलले. सकाळी थंड गाडी चालू करून स्कॅनर लावला तेव्हा मागची रेषा नाचतच होती आणि मिस्त्रींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. लेप तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय कामाला लागत नाही, एवढेच मी म्हणालो. चहा येईपर्यंत रेषा संथ झाली होती.