कोयत्याचा मार आणि सुतळीला बांधलेला खडा

बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या अलीकडे आमच्या मामांची काजूची बाग आहे. पाऊस सरला की झाडांखाली रानमोडी आणि घाणेरी अशी माजते की माणूस उभा राहिला तरी दिसत नाही. बी गळायला लागायच्या आत ही झाडी काढावी लागते, नाहीतर मार्च-एप्रिलात खाली पडलेला काजू शोधायचा कुठे? गेल्या डिसेंबरात मी मदतीला गेलो, तेव्हा मामांनी हातात कोयता दिला. आठवडी बाजारातला, लोखंडी पाइपची मूठ वेल्डिंग करून जोडलेला, ९०० ग्रॅमचा. म्हणाले, "जड आहे म्हणून बिचकू नको. जड कोयता आपणच तोडतो, हात नुसता उचलायचा."

तासाभरात हाताला फोड आले आणि डोक्यात प्रश्न आला. जड कोयता खरेच आपणच तोडतो का?

मी पेशाने भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यामुळे प्रश्न तिथेच सोडून देणे जमले नाही. खानापुरात एका लोहाराकडे गेलो. त्याच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइके 'कोयता' म्हणतात, निम्मी कन्नडमध्ये 'मच्चू', आणि तो दोघांना आपापल्या भाषेत तेवढ्याच रकमेचा भाव सांगतो. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घ्यायचा, मूठ पाइपची नको, धामणाच्या लाकडाची हवी, आणि पाते मुठीजवळ अरुंद नि पुढे पोट असलेले, असे सगळे कागदावर काढून दिले. पाट्याचे पोलाद बहुतेकदा सिलिकॉन घातलेले असते. वाकून परत सरळ होणे हाच त्याचा जन्मभराचा धंदा, म्हणून कोयत्याला ते चालते. पाते कडक व्हावे म्हणून लोहाराने ते लाल करून जळक्या तेलात बुडवले. तेलात बुडवले तरी म्हणायचे 'पाणी दिले', ही आपल्या भाषेची गंमत. साध्या पाण्यात हे पोलाद इतके झपाट्याने थंड होते की तडकण्याची भीती असते.

दुकानात बसलेल्या एका आजोबांनी सांगितले, "अमावास्येला पाणी दिलेला कोयता कधी बोथट होत नाही." बोथट सगळेच होतात. पण या समजुतीच्या मुळाशी काही असेल तर ते चंद्रात नाही, अंधारात आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून लोहार तापमान ओळखतो, आणि गडद लाल की नारिंगी हे भर उन्हात नीट कळत नाही. ज्याला खात्री करायची असेल त्याने लोहचुंबक वापरावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकत्व जाते. चुंबक चिकटायचे थांबले की आणखी थोडे तापवून बुडवायचे. लिंबू-मिरची बांधायची गरज नाही. 'डमास्कस'च्या नक्षीदार पात्यांचे जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांनाही हेच सांगणे. नक्षी डोळ्यांसाठी असते, घाणेरीला ती कळत नाही.

माझा कोयता तयार झाला तो ५२ सेंटिमीटर लांब, ६४० ग्रॅमचा. आता दोन्हींची तुलना करायची, आणि इथून पुढे माझा आवडता भाग सुरू होतो.

लहानपणी क्रिकेट खेळताना चेंडू बॅटच्या अगदी टोकाला लागला की हाताला हिसका बसायचा, पण एका ठरावीक जागी लागला तर लागल्याचे कळायचेही नाही, हे सगळ्यांना आठवत असेल. त्या जागेला आघातकेंद्र म्हणतात. काठी मोकळी पडली आहे असे समजा. तिला एका जागी ठोसा दिला तर दोन गोष्टी एकदम होतात: अख्खी काठी मागे सरकते, आणि ती गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे बोटावर जिथे तोलून राहते त्या बिंदूभोवती, फिरते. फिरण्यामुळे तिचे दुसरे टोक पुढे जाऊ पाहते, सरकण्यामुळे मागे. एक जागा अशी असते की तिथे ठोसा बसला तर मुठीशी या दोन्ही हालचाली एकमेकींना तंतोतंत खोडून काढतात. मूठ जागची हलत नाही. ठोसा त्याच्या पुढे, टोकाकडे बसला तर मूठ धारेच्या दिशेने उसळते आणि बोटांना ओढते. अलीकडे बसला तर मूठ उलट तळहातावर आपटते. म्हणजे फोड बोटांच्या आतल्या बाजूला आले की अंगठ्याच्या बेचक्यात, यावरून कोयता कुठे लागतो आहे याचा अंदाज बांधता येतो. माझे बोटांवर आले होते.

हे आघातकेंद्र शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. लंबकाच्या घड्याळांवर काम करणाऱ्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३ साली घन वस्तूच्या झोक्याचे जे गणित छापले, त्यात ही किल्ली आहे. कुठलीही वस्तू एका बिंदूवर टांगून झुलवली, तर तिच्या झोक्याशी जुळणारा एक साधा लंबक असतो, म्हणजे दोरीला बांधलेला खडा. त्या दोरीची लांबी हेच टांगलेल्या बिंदूपासून आघातकेंद्रापर्यंतचे अंतर!

मग मी काय केले? मधले बोट जिथे येते तिथे मुठीवर एक लांब खिळा आडवा बांधला आणि त्याची टोके दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवली. कोयता खाली लोंबला. त्याच खिळ्याला शेजारी सुतळीने खडा बांधला. दोन्ही थोडेसे बाजूला ओढून एकदम सोडले. खडा मागे पडत असेल तर सुतळी आखूड करायची, पुढे जात असेल तर लांब. आठ-दहा प्रयत्नांत दोघे पावलाला पाऊल लावून झुलू लागतात. मामींना वाटले, पोरगे काहीतरी उतारा काढते आहे. खड्याच्या मध्यापर्यंत सुतळी भरली २९ सेंटिमीटर. घड्याळाने पडताळा घेतला: २० हेलकाव्यांना २१.६ सेकंद, म्हणजे एकाला १.०८. लंबकाच्या शाळेतल्या सूत्रात घाला, २९ सेंटिमीटरच येतात.

बाजारातल्या कोयत्याला २० हेलकाव्यांसाठी २२.३ सेकंद लागले. आघातकेंद्र ३०.८ सेंटिमीटरवर.

आता ज्यांना गुणाकाराचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. फिरणाऱ्या वस्तूचा मार किती, हे तिच्या वजनावर ठरत नाही. ते जडत्व आघूर्णावर ठरते, आणि त्यात प्रत्येक कणाचे वजन मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणलेले असते. मुठीपासून ३० सेंटिमीटरवरचे १०० ग्रॅम लोखंड ३ सेंटिमीटरवरच्या १०० ग्रॅमपेक्षा शंभर पट मोजले जाते. टांगलेल्या वस्तूचे हे आघूर्ण काढायला वजन, मुठीपासून गुरुत्वमध्याचे अंतर आणि आघातकेंद्राचे अंतर यांचा गुणाकार पुरतो. गुरुत्वमध्य बोटावर तोलून मिळतो: माझ्या कोयत्याचा १८ सेंटिमीटरवर, मामांच्या कोयत्याचा पाइपच्या मुठीमुळे अवघ्या १२ वर. ६४० गुणिले १८ गुणिले २९. आणि ९०० गुणिले १२ गुणिले ३०.८. दोन्ही उत्तरे तीन लाख तेहेतीस हजारांच्या आसपास, ग्रॅम-वर्गसेंटिमीटर.

इतकी जुळणी हा योगायोग, पण त्यातून निघणारी गोष्ट योगायोगाची नाही. मुठीतून फिरवताना दोन्ही कोयते सारखाच विरोध करतात आणि त्याच वेगाने, त्याच जागी लागले तर फांदीला सारखाच दणका देतात. मामांच्या कोयत्यातले वरचे पाव किलो लोखंड दिवसभर नुसते उचलायचे. ते मारात कुठेच उतरत नाही. अर्थात माणसाची मूठ म्हणजे काही भिंतीतला खिळा नव्हे. कोपर आणि खांदाही फिरतो, आणि अख्खा हात खाली येतो तेव्हा मुठीतले वजन अगदीच फुकट जात नाही. पण झुडपे तोडताना बरेचसे काम मनगटाच्या झटक्याचे असते, आणि तिथे हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो.

पहिल्या दिवशीची चाचणी मात्र मीच फुकट घालवली. माझा कोयता सरस ठरला, मी खूश, आणि संध्याकाळी लक्षात आले की नव्या पात्याला ताजी धार होती आणि मामांचा कोयता दिवाळीनंतर पाजवलेलाच नव्हता. मी धारेची परीक्षा घेतली होती, घडणीची नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकाच दगडावर एकाच कोनात पाजवले. अंगठ्याएवढ्या जाडीच्या घाणेरीच्या ३० काड्या याने, ३० त्याने, दर पाच काड्यांनी अदलाबदल, म्हणजे थकवा दोघांना सारखा वाटला जाईल. कामाला येणाऱ्या गड्याने तोडले, मी घाव मोजले. बाजारातला कोयता ५१, माझा ४८. हा फरक मी फरक धरत नाही. हिशेब तेच सांगत होता. गड्याचे मत मात्र पक्के होते: "सर, ह्यो हलका हाय, पण बोटास्नी वडतोय."

ओढणारच. पात्याच्या पोटाचा मध्य, म्हणजे जिथे घाव घालावासा वाटतो ती जागा, मुठीपासून ३२ सेंटिमीटरवर आली होती. आघातकेंद्र २९ वर. तीन सेंटिमीटरची चूक माझ्या कागदावरची, लोहाराची नव्हे.

ती सुधारायची कशी? पोट मागे आणायचे तर पाते नव्याने घडवावे लागले असते. आघातकेंद्र पुढे ढकलणे सोपे, आणि त्याची रीत अगदी उफराटी आहे: वजन मुठीच्या मागे लावायचे. टांगण्याच्या बिंदूमागे, शेवटाला लावलेले वजन आघूर्णात किंचित भर घालते, पण गुरुत्वमध्याला मागे खेचते. मघाचा गुणाकार उलटा करून आघूर्णाला वजनाने आणि गुरुत्वमध्याच्या अंतराने भागले की आघातकेंद्र पुढे सरकलेले दिसते. जुन्या तलवारींच्या मुठीमागे जो गोळा दिसतो, त्याचा एक उपयोग हाच. मी ६० ग्रॅमचा पितळी लट्टू बसवला. केंद्र ३० वर आले. मग बेळगावात उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपात मुठीजवळच्या पात्याला दोन्ही बाजूंनी उथळ खाच पाडून ४० ग्रॅम पोलाद काढले. पुन्हा खडा-सुतळी: पावणेएकतीसच्या जरा पुढे. उरलेला सेंटिमीटरभर फरक तसाच राहू दिला.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. हिसका वेगळा आणि झिणझिण्या वेगळ्या. झिणझिण्या पात्याच्या थरथरीमुळे येतात. एकसारख्या जाडीची पट्टी थरथरते तेव्हा दोन्ही टोकांपासून सुमारे २२ टक्के लांबीवर दोन जागा स्थिर असतात, त्यांना निष्पंद बिंदू म्हणतात. मूठ सैल धरून पात्याच्या पाठीवर काठीने टिचक्या मारत गेलात की जिथे थरथर विझते ती जागा सापडते. धामणाचे लाकूडही थरथर बरीच गिळते, पाइप ती जशीच्या तशी हातात आणतो.

जानेवारीत तोच गडी, तीच बाग. या वेळी घाव मोजलेच नाहीत, त्याने दिवसाअखेर हात दाखवला. बोटे ठीक होती. करवंदीच्या जाळीत मात्र हा कोयता कुचकामी ठरला. बारीक लवचिक फांदी घाव बसायच्या आत मागे सरते आणि काटे मनगटावर येतात. तिथे आकडा असलेली लांब दांड्याचीच कोयती हवी.

आणि घाणेरी? ती मार्चमध्ये बुंध्यांतून पुन्हा फुटली, प्रत्येक कापल्या जागी चार-पाच कोंब. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत अशी की मूळ जमिनीच्या थोडे खाली, जिथून कोंब फुटतात त्या भागाच्याही खाली तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. मी उत्साहाने कोयत्यानेच मातीत दोन घाव घातले. जांभ्याच्या खड्यांनी धारेचे तुकडे पडले, आणि मामांनी काही न बोलता कुदळ आणून दिली.