आळ मागच्या सीलवर

"क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन खाली उतरवावं लागेल." माझ्या गाडीखाली पडलेला तेलाचा डाग पाहून इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, एका गॅरेजने दोन मिनिटांत निकाल दिला. क्रँक, म्हणजे क्रँकशाफ्ट, हा पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि सील म्हणजे त्याच्या टोकाशी तेल अडवणारं कडं. गाडी १९६३ची एमजीबी, एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन माणसांची, उघड्या टपाची, १७९८ सीसीची. निकाल ऐकून मी चक्रावलो, कारण या गाडीच्या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सील मुळातच नाही! ते आलं १९६४च्या ऑक्टोबरमध्ये, क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंग दिले तेव्हा.

हे इंजिन आपल्याला परकं नाही. बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या 'बी सीरीज' इंजिनांमधलं हे मोठं भावंड. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन एमजीए नावाच्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि वर्षानुवर्षं आपल्या अँबेसिडरमध्येही होतं. त्यामुळे लाल दिव्याच्या गाड्यांखालचे काळे डाग ज्यांनी पाहिलेत, त्यांना पुढची गोष्ट ओळखीची वाटेल.

सील नाही, तर मग तेल आत राहतं कसं?

क्रँकशाफ्ट इंजिनाच्या मागून बाहेर पडतो तिथे त्याच्या अंगावर स्क्रूसारखे आटे कोरलेले आहेत. भोवतीच्या धातूच्या कड्यात आणि त्यात केसाएवढी फट असते, दोघं एकमेकांना टेकत नाहीत. शाफ्ट फिरला की चिकटपणामुळे तेल त्याच्याबरोबर ओढलं जातं, पण आटे तिरके असल्यामुळे ते गोल फिरता फिरता आत ढकललं जातं आणि एका नळीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, पडतं. शेतातल्या पाण्यासाठी पूर्वी वापरायचे त्या आर्किमिडीजच्या स्क्रूचं हेच तत्त्व. म्हणजे इथे तेल अडवलेलं नाही, सतत परत पाठवलं जातंय. इंजिन बंद झालं की पंपही बंद. फटीत उरलेले एकदोन थेंब तेवढे बाहेर येतात, आणि गाडी चढावर नाक वर करून उभी केली तर थोडे जास्त.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपल्याला वाटतं, आटे ही जुनी अडचणीची युक्ती आणि आधुनिक रबरी ऑईल सील म्हणजे बाटलीचं घट्ट बूच. तसं अजिबात नाही. ऑईल सीलची कडा शाफ्टवर घट्ट बसलेली दिसते, पण शाफ्ट फिरताना दोघांमध्ये साधारण एक मायक्रॉन जाडीचा तेलाचा पापुद्रा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. हा पापुद्रा नसेल तर रबर काही तासांत जळून जाईल. मग त्या पापुद्र्यातूनच तेल बाहेर का येत नाही? कारण सील कापून पाहिलं तर कडेचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा, हवेकडचा पसरट. त्यामुळे रबराचा दाब बरोबर मध्यावर नसतो, तेलाच्या बाजूला सरकलेला असतो. रबराच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीत उंचवटे असतात. शाफ्ट त्यांना फिरण्याच्या दिशेने ओढतो, जिथे दाब जास्त तिथे ते जास्त ताणले जातात आणि वाकून तिरके होतात. हवेकडच्या लांब बाजूचे तिरके उंचवटे तेल आत ढकलतात, तेलाकडच्या आखूड बाजूचे बाहेर. लांब बाजू जिंकते. कडेवर हजारो सूक्ष्म आटे आपोआप तयार होतात, असंच म्हणा. चालू सीलच्या हवेकडच्या बाजूला मुद्दाम तेलाचा थेंब लावला तर ते तो आत ओढून घेतं. आणि तेच सील उलटं बसवलं तर तेल बाहेर उपसू लागतं.

पंप आट्यांचा असो की रबरी कडेचा, तो चेंबरमधल्या दाबाशी झुंजतो, हे विसरायचं नाही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा जळका वायू नेहमीच खाली निसटतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती चोंदली की दाब साठतो. एक किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग, तेलाचा स्तंभ सुमारे बारा सेंटीमीटर वर उचलू शकतो. एवढा दाब कमजोर पॅकिंगमधून तेल झिरपायला पुरतो.

म्हणून मी आधी दाब पाहिला. रॉकर कव्हरपासून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणापासून, एअर क्लीनरकडे जाणारी नळी चिमटून धरली, तेल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला आणि इंजिन चालू केलं. मोज्याची पाच बोटं हळूहळू उभी राहिली! इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला पुढे आणि मागे अशी दोन झाकणं असतात, टॅपेट कव्हर. ब्रीदर त्यातल्या पुढच्यावर असतो. त्याची नळी काढली तर आत डांबरासारखा काळा गाळ.

मग इंजिन रॉकेलने घासून कोरडं केलं. ही पायरी लोक टाळतात, आणि इथेच फसतात. पाण्याच्या तुलनेत तेलाचं पृष्ठताण निम्म्याहून कमी, त्यामुळे ते धातूला बिलगून लांबवर पसरत जातं, त्यात रस्त्यावरचा वारा ते मागे नेतो. थेंब पडतो तो सगळ्यात खालच्या टोकावरून, गळतीच्या जागेवरून नाही. तेलात फ्लुरोसंट रंगाचे काही थेंब टाकले आणि वीस मिनिटं फिरून आलो. अंधारात अतिनील टॉर्च लावला. रंगाचे रेणू न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात, थोडी ऊर्जा कंपनात घालवतात आणि उरलेली पिवळ्याहिरव्या प्रकाशात परत देतात. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिनामागच्या क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, तळाशी थेंब चमकत होता, गॅरेजने पाहिला तोच. पण त्याच्यापासून एक चमकती रेघ ब्लॉकच्या अंगाने वर गेली होती, थेट एक्झॉस्टच्या खाली दडलेल्या मागच्या टॅपेट कव्हरपर्यंत.

ते कव्हर पातळ पत्र्याचं, मध्ये एकच बोल्ट. गळतंय म्हणून कोणीतरी तो आवळत गेलं होतं. पत्रा मध्ये खोल गेला, कडा उचलल्या, कॉर्कचं पॅकिंग एका कोपऱ्यात मोकळं पडलं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दलही बोलायला हवं. त्यातलं रसायन कडक झालेलं रबर फुगवून मऊ करतं, म्हणून काही दिवस फरक दिसतो. पण कॉर्कला किंवा धातूच्या आट्यांना ते काय करणार? आणि "जुनी ब्रिटिश गाडी, ती गळायचीच" हे तर निव्वळ दैववाद आहे. प्रत्येक थेंबाला वाट असते, ती शोधता येते.

कव्हर सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केलं, नवं कॉर्क बसवलं, बोल्ट बेताचाच आवळला, ब्रीदर साफ केला. पुन्हा मोजा लावला तर तो मलूल लोंबत राहिला. गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला. सकाळी त्यावर दोन ठिपके होते, बरोबर बेल हाऊसिंगच्या खाली. टॉर्च लावून पाहिलं, ब्लॉकचं अंग कोरडं होतं. हे दोन ठिपके त्या आट्यांचे, रात्री इंजिन बंद केल्यावर फटीत उरलेले.