रस्ता बंद पडेल तेव्हाचं काय? जाळ्याच्या आखणीमागचा इतिहास

मोठ्या पुलावर एक ट्रक उलटतो आणि तासाभरात निम्मं शहर ठप्प होतं. दोष ट्रकवर जातो, पण सगळ्यांना त्या एकाच पुलावर आणून सोडणारा आराखडाही तितकाच जबाबदार असतो. अडथळे येणारच हे धरून रस्त्यांचं जाळं आखावं, हा विचार आज साधा वाटतो. संशोधनात तो ठळकपणे पुढे यायला मात्र विसावं शतक संपत आलं होतं.

त्याआधीची बहुतेक गणितं नेहमीच्या दिवसाची होती. १९५२ साली ब्रिटनमधल्या जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी तत्त्व मांडलं : प्रत्येक चालक आपला वेळ वाचवायला बघतो आणि शेवटी अशी स्थिती येते, की एकट्याने मार्ग बदलून कुणाचाच फायदा होत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्स या सरकारी रस्तेखात्याने गर्दी आणि प्रवासाचा वेळ यांची सांगड घालणारं सूत्र दिलं. त्यानुसार क्षमतेइतकी वाहनं आली तर मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्के जास्त वेळ लागतो; दुप्पट आली तर तब्बल ३.४ पट. म्हणजे काठोकाठ भरलेल्या रस्त्यावर शेजारच्या बंद रस्त्याची वाहतूक लोटली की काय होईल, हे सूत्रातच दडलेलं होतं. पण ते वापरलं गेलं मुख्यतः नेहमीच्या गर्दीचा अंदाज बांधायला.

१९६३ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांचा शहरांतल्या वाहतुकीवरचा अहवाल आला. वस्त्यांमधून आरपार जाणारी वाहतूक बाहेर काढून ती ठरावीक मोठ्या रस्त्यांवर न्यावी, असं त्याचं सांगणं होतं. रहिवाशांच्या दृष्टीने ते रास्तच होतं. मात्र अशी रचना टोकाला नेली की जाळं झाडासारखं होतं : फांदीवरून फांदीवर जायचं तर खोडातूनच जावं लागतं, आणि खोडच अडलं तर दुसरी वाट नाही.

मग जास्त रस्ते बांधले की झालं? १९६८ मध्ये जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी याला धक्का दिला. समजा, ६०० गाड्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जायचंय. मार्ग दोन. प्रत्येकात एक रुंद टप्पा आहे, तिथे कायम ७० मिनिटं लागतात. आणि एक अरुंद, जिथे दर १० गाड्यांमागे १ मिनिट वाढतं. एका मार्गात अरुंद टप्पा आधी येतो, दुसऱ्यात नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या की प्रवास १०० मिनिटांचा. आता दोन्ही मार्गांच्या मध्यावर जवळजवळ शून्य वेळ घेणारा जोडरस्ता टाका. सगळे दोन्ही अरुंद टप्प्यांतून जातात आणि प्रवास १२० मिनिटांचा होतो. एकट्याने जुना मार्ग धरला तर १३०. रस्ता वाढला, वेळही वाढला. दुवा कुठे जोडायचा हाच खरा प्रश्न आहे.

खरी कलाटणी दिली ती जपानमधल्या १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपाने. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हानशिन द्रुतगती मार्ग, त्याच्या खालून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४३ आणि रेल्वेमार्ग, सगळे शेजारी-शेजारी होते. उन्नत मार्गाचा ६०० मीटरहून लांब भाग आडवा झाला आणि खालच्या महामार्गावरच कोसळला. रेल्वेही बंद पडली. नकाशावर पर्याय भरपूर होते, पण एकाच धक्क्याने सारे एकदम गेले. संकट आल्यावर एकत्र बुडणारे पर्याय मोजण्यात काही अर्थ नाही, हा धडा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

जपानी संशोधक जाळ्याच्या विश्वासार्हतेवर, म्हणजे अडथळा आला तरी ते किती भरवशाचं राहतं यावर, आधीपासून काम करत होतेच. कोबेनंतर या विषयाला जगभर वेग आला. २००१ मध्ये क्योटोत त्यावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या संशोधक कात्या बर्डिका यांनी रस्त्यांच्या असुरक्षिततेची, म्हणजे अडथळ्याने जाळं किती कोलमडू शकतं याची, व्याख्या मांडली. उत्तर स्वीडनवरच्या २००६ च्या अभ्यासात वेगळा प्रश्न होता : एकेक दुवा काढून टाकला तर कुणाला किती वळसा पडतो? विरळ वस्तीत फारशी रहदारी नसलेला रस्ताही कळीचा ठरू शकतो, हे अशा प्रश्नातूनच दिसतं.

१ ऑगस्ट २००७ ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल कोसळला आणि १३ जण दगावले. रोज सुमारे १ लाख ४० हजार वाहनं नेणारा हा पूल होता. तरी शहर पूर्ण अडलं नाही, कारण नदीवर इतरही पूल होते. प्रशासनाने जवळच्या महामार्ग २८० वरचे सिग्नल बंद करून वाहतूक तिकडे वळवली, आय-९४ महामार्गावर जादा मार्गिका काढली.

न्यूझीलंडमध्ये उलट घडलं. नोव्हेंबर २०१६ च्या कायकोरा भूकंपात दरडी कोसळून राज्य महामार्ग १ चा किनाऱ्यालगतचा भाग बंद झाला, तो १५ डिसेंबर २०१७ ला खुला झाला. वर्षभराहून अधिक काळ अवजड वाहतूक लुइस खिंडीच्या लांब वळशाने गेली आणि तिच्यासाठी मुळात न बांधलेला तो रस्ता चालू वाहतुकीतच मजबूत करावा लागला. पर्यायी रस्त्यावर आधी खर्च करायचा तर नेहमीच्या लाभ-खर्चाच्या ताळेबंदात तो बसवणं कठीण जातं, कारण त्यात रोज वाचणारी मिनिटं सहज मोजली जातात, बंद पडलेलं वर्ष नाही.