खुलं अवकाश आणि सलग अवकाश: नव्या स्पेस आरपीजीची वाट पाहताना होणारी गल्लत

जून २०२२ मध्ये 'स्टारफील्ड' या बेथेस्डा कंपनीच्या अंतराळातल्या आरपीजीचा (म्हणजे भूमिका वठवायच्या व्हिडिओ गेमचा) पहिला मोठा गेमप्ले दाखवला गेला. यान क्रीट नावाच्या चंद्रावर उतरलं, खेळाडू बाहेर पडला, बंदूक चालवली. थोड्या वेळानं तेच यान ताऱ्यांमध्ये लढताना दिसलं. क्रीटच्या जमिनीपासून त्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास मात्र डेमोत कुठेच नव्हता. शेवटी 'हजाराहून जास्त ग्रह' हा आकडा पडद्यावर आला आणि बहुतेकांचं लक्ष तिकडेच गेलं. काही खवचट मंडळींनी मात्र डेमो मागेपुढे करून पाहिला आणि विचारलं, "उड्डाण कुठाय?" पुढे खेळाचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की जमिनीवरून उडत थेट अवकाशात जाता येणार नाही; खेळाडूच्या दृष्टीनं ते तेवढं महत्त्वाचं नाही.

मग जुंपली. "असं असेल तर याला ओपन वर्ल्ड म्हणायचंच कशाला?" हा एक पक्ष. "ओपन वर्ल्डच आहे, तुम्हाला सिम्युलेटर हवाय," हा दुसरा. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलत होते आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. अंतराळातली कुठलीही मोठी आरपीजी जाहीर झाली की हाच वाद नव्यानं रंगतो, म्हणून तो एकदा नीट सोडवून बघू.

ओपन वर्ल्ड म्हणजे खुलं जग. कुठे जायचं, कधी जायचं, कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं कधीच करायचं नाही, हे तुम्ही ठरवता. सीमलेस म्हणजे सलग जग. एका जागेवरून दुसरीकडे जाताना मध्ये शिवण दिसत नाही: लोडिंग स्क्रीन नाही, काळा पडदा नाही, तुमच्या हातातून कंट्रोल काढून घेणारी फिल्म नाही. पहिला गुण तुमच्या निवडीचा आहे आणि दुसरा जगाच्या बांधणीचा. ते एकत्र येऊ शकतात, पण एक आला म्हणून दुसरा येतोच असं नाही.

'स्कायरिम' घ्या. २०११ पासून ओपन वर्ल्ड म्हटलं की पहिल्यांदा त्याचंच नाव निघतं. पण त्यातल्या मोठ्या शहरांचे दरवाजे उघडले की लोडिंग येतं, गुहेत शिरताना येतं, घरात शिरताना येतं. कुणी त्याचा खुलेपणा नाकारत नाही. उलट २०२३ चा 'डेड स्पेस'चा रिमेक बघा. इशिमुरा हे अख्खं अंतराळजहाज एकसंध आहे, लोडिंगशिवाय या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. पण काय करायचं ते गोष्टच ठरवते. सलग आहे, खुलं नाही. 'नो मॅन्स स्काय'मध्ये दोन्ही आहे: ग्रहावरून नाक वर करा, ढग फोडा, बाहेर पडा. 'स्टारफील्ड' खुला आहे, सलग नाही. एकाच ग्रहावर एकाच दिशेनं चालत राहिलात तरी कधीतरी सीमा लागते आणि पुढे जायचं तर यानात बसून दुसरीकडे उतरावं लागतं.

हे सगळं पृथ्वीवरच्या खेळात फारसं बोचत नाही. गावातून जंगलात जाताना एक दरवाजा आला तर आला. अवकाशात बोचतं, कारण तिथे अंतर हाच विषय असतो. २०१४ च्या 'एलिट डेंजरस'मध्ये हटन ऑर्बिटल नावाचं एक स्थानक आहे, यान उडी मारून आधी ज्या ताऱ्यापाशी पोचतं त्यापासून सुमारे ०.२२ प्रकाशवर्षं लांब. तिथे जायला बरीच वर्षं खरा तासाहून जास्त वेळ लागायचा आणि त्या वेळात काहीही घडायचं नाही. तरी लोक जायचे. कंटाळा सोसून पोचल्यावर जे वाटतं ते मॅपवर क्लिक करून वाटत नाही, हे मलाही मान्य आहे. 'स्टारफील्ड'मधलं यान इतक्या प्रेमानं बांधता येतं, आणि मग बहुतेक प्रवास मेनूतून फास्ट ट्रॅव्हलनं (ठिकाण निवडलं की क्षणात तिथे) उरकता येतो. यानाचं प्रतीक्षालय होतं. एका स्ट्रीमरनं हट्टानं प्लूटोच्या दिशेनं सात एक तास यान चालू ठेवलं. प्लूटो जवळ आला, मोठा झाला, आणि यान त्याच्या आरपार निघून गेलं. तिथे उतरण्यासारखं काही नव्हतंच, ते एक चित्र होतं. उतरण्याजोगा प्लूटो मेनूपलीकडे वेगळा होता.

मग सगळेच खेळ सलग का करत नाहीत? आळस म्हणून? इथे थोडं गणित.

खेळातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे आकड्यांत साठवलेलं असतं आणि बहुतेक इंजिनं (ज्यावर खेळ चालतो ती सॉफ्टवेअरं) त्यासाठी ३२ बिटांचे आकडे वापरतात. त्यांची अचूकता साधारण सात अंकांची. म्हणजे खेळातल्या जगाच्या मध्यबिंदूपासून १०० किलोमीटरवर दोन लगतच्या जागांमध्ये सुमारे ८ मिलिमीटरचं अंतर राहतं, चालून जातं. १,६७,७७,२१६ मीटरच्या पुढे ते २ मीटर होतं. चंद्र आपल्यापासून आहे तितक्या अंतरावर, ३,८४,४०० किलोमीटरवर, ते ३२ मीटर होतं. आता त्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात हलवून दाखवा! हात एकतर हलणार नाही, नाहीतर ३२ मीटर लांब उडेल. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'च्या सुरुवातीच्या काळात याच कारणानं यानं थरथरून तुकडे तुकडे व्हायची. खेळाडूंनी त्या अदृश्य राक्षसाचं नाव 'क्रॅकन' ठेवलं आणि निर्मात्यांनी उपायाला 'क्रॅकन्सबेन' म्हटलं.

उपाय आहेत. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये खेळाडूला मध्यबिंदूवर ठेवून बाकीची सूर्यमाला त्याच्याभोवती सरकवतात. तुम्ही उडता असं वाटतं, खरं तर विश्व हलतं. (त्यातले ग्रहही मुद्दाम चिमुकले ठेवलेत.) 'स्टार सिटिझन'वाल्यांनी इंजिन ६४ बिटांच्या, जास्त अचूक आकड्यांवर नेलं. पण यातलं काहीही नंतर पॅच म्हणून चिकटवता येत नाही. पायाच तसा घालावा लागतो.

आणि आरपीजीत याहून मोठी भानगड आहे: आठवण. टेबलावरचा कप तुम्ही उचलून खुर्चीवर ठेवला तर परत आल्यावर तो खुर्चीवर हवा. मारलेला दरोडेखोर मेलेलाच हवा. बेथेस्डाचे खेळ जगाचे तुकडे करून ही मोजदाद ठेवतात. 'स्टारफील्ड' आला तेव्हा लोकांनी ढीगभर बटाटे एका खोलीत साठवून दार उघडायचे व्हिडिओ केले. प्रत्येक बटाटा स्वतंत्रपणे घरंगळत होता. त्या बटाट्यांचा शिवणींशी थेट संबंध आहे. एका वेळी सांभाळायचं जग मर्यादित ठेवलं म्हणून प्रत्येक वस्तूला वजन आणि जागा देता येते. सलग जगात हेच सगळं चालू उड्डाणात, ग्रह खाली सरकत असताना करायचं. अशक्य नाही, पण अतिशय महाग.

'बियाँड गुड अँड ईव्हिल २' डोळ्यासमोर आहेच. २००३ च्या खेळाच्या आधीची गोष्ट सांगणारी, अंतराळातली ओपन वर्ल्ड आरपीजी. २०१७ मध्ये युबिसॉफ्टनं ट्रेलर दाखवला आणि सोबत तंत्राचा डेमोही: शहरातल्या एका प्रचंड पुतळ्याजवळून उडायचं आणि न थांबता थेट अवकाशात. त्यासाठी व्हॉयेजर नावाचं नवं इंजिन बांधलं होतं. पाहणाऱ्यांचे डोळे दिपले, माझेही. २०२० मध्ये मूळ दिग्दर्शक मिशेल आन्सेल बाहेर पडले. खेळ अजून आलेला नाही. सलगता आधी जमली; तिच्यात माणसं, कामं, परिणाम भरायचं राहिलं, असं मला बाहेरून दिसतं.

शिवण लपवताही येते, ही आणखी एक गंमत. २००७ च्या 'मास इफेक्ट'मधली संथ लिफ्ट आठवते? सोबती गप्पा मारतात, आणि पाठीमागे पुढची जागा लोड होत असते. 'एलिट डेंजरस'मधला दोन ताऱ्यांमधला झगमगता बोगदाही तेच काम करतो. तेव्हा नव्या ट्रेलरमध्ये यान ढगांच्या पांढऱ्या भिंतीत शिरलं आणि चार सेकंदांनी पलीकडे निघालं, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा की त्या चार सेकंदांत स्टीअरिंग कुणाच्या हातात होतं. माझी याबद्दल तक्रार नाही, चांगली लपवलेली शिवण ही कारागिरीच आहे.

खुलेपणा ट्रेलरमधून ओळखणं मात्र फार अवघड. २०१९ च्या 'द आउटर वर्ल्ड्स'चं बघा. (नावामुळे लोक तो 'आउटर वाइल्ड्स' समजून भलताच खेळ विकत घेतात, ती गल्लत वेगळीच.) निर्मात्यांनी आधीच सांगितलं होतं की हा ओपन वर्ल्ड नाही, वेगवेगळे भाग आहेत, मध्ये लोडिंग आहे. पण त्यात जवळपास कुणालाही मारता येतं आणि गोष्ट तरी पुढे सरकते. 'स्टारफील्ड'मध्ये हजार ग्रह आहेत, पण कितीतरी महत्त्वाची पात्रं गोळ्या झाडल्या तरी गुडघ्यावर बसून पुन्हा उठतात. नकाशा कुणाचा मोठा हे सांगायला नको. पण भूमिका वठवायला जागा कुठे जास्त, हा प्रश्न नकाशावर सुटत नाही. माझं मत विचाराल तर आरपीजीच्या बाबतीत तोच प्रश्न आधी विचारावा आणि यान जमिनीवरून सलग उडतं का ते दुसरं.

गंमत म्हणजे 'स्टारफील्ड'ची पहिली मोठी भर, सप्टेंबर २०२४ ची 'शॅटर्ड स्पेस', हजार ग्रहांवर आणखी ग्रह ओतत बसली नाही. ती जवळपास सगळी एकाच, हातानं घडवलेल्या ग्रहावर घडते.

पुढच्या डेमोत मी यान उतरताना बघीनच, जित्याची खोड. पण खरं लक्ष असेल ते खेळाडू उतरल्यावर पहिल्यांदा ज्या माणसाशी बोलतो त्याच्याकडे. त्याला नाही म्हटलं तर काय होतं, आणि अर्ध्या तासानं तिथे परत आलं तर त्याला ते आठवतं का, एवढं जरी दाखवलं तरी मी ट्रेलर दुसऱ्यांदा लावीन.